इंदूरचे ड्राफ्ट्समन

लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे नि अंदाजपत्रकं करायचे, हे वाचलं तेव्हा मीही ऑफिसातच होतो, समोर फायलींचा ढीग! कॅमेरा त्यांनी धरला १८७४ साली, तिशीत. १८८२ मध्ये सर लेपल ग्रिफिनसोबत काचेच्या जड प्लेटा घेऊन बुंदेलखंड फिरले. मग सरकारी नोकरी सोडली, हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. (मी चाळिशी ओलांडली, अजून टेबलाशीच.)

देवळा-किल्ल्यांचे त्यांचे फोटो साहेबलोक आठवण म्हणून विकत नेत. कागदाला अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप. उजेडाने तो पिवळा पडतो. ओळखीच्या एका घरी असं एक चित्र खिडकीसमोर टांगलंय. आभाळ चहाच्या रंगाचं झालंय, कोपऱ्यातली सही तेवढी वाचता येते. "आतल्या खोलीत लावा," म्हटलं, तर आजी म्हणाल्या, "तिथं काळोखात ते बघणार कोण रे?"