लहान गावाचे उत्पन्न : एका अंदाजाचा इतिहास

एखाद्या गावातील कुटुंबांचे मध्यक उत्पन्न किती, हा प्रश्न दिसायला सोपा आहे. सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने मांडा. बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे मध्यक. गावातला एखादा कोट्यधीश सरासरी वर ओढतो, मध्यकाला मात्र फारसा हलवू शकत नाही. अडचण व्याख्येत नाही. प्रत्येक घराला विचारणे परवडत नाही, म्हणून नमुना घ्यावा लागतो, आणि गाव जितके लहान तितका नमुना तुटपुंजा. ही अडचण किती महाग पडू शकते, हे 1970च्या दशकात अमेरिकेत दिसून आले.

अमेरिकेच्या जनगणनेत मजुरी-पगाराचा प्रश्न 1940 साली प्रथम आला. पुढे उत्पन्नाचा प्रश्न फक्त नमुन्यातल्या घरांना विचारला जाऊ लागला. 1970 मध्ये पाचांपैकी एका घराला. देशाचे किंवा राज्याचे चित्र काढायला एवढे पुरेसे होते. पण 1972च्या एका कायद्याने केंद्राचा महसूल स्थानिक शासनांमध्ये वाटायचे ठरले, आणि वाटपाच्या सूत्रात दरडोई उत्पन्न घातले गेले. (इथे मध्यक नव्हे, सरासरी होती, नमुन्याचा प्रश्न दोन्हींना सारखाच.) अशी स्थानिक शासने सुमारे 39,000 होती आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी वस्ती 500च्या आत.

आता तुम्हीच हिशेब करा. शंभर माणसांच्या गावात तीस घरे धरली, तर उत्तर देणारी घरे सहा. अशा गावाच्या अंदाजाची प्रमाण त्रुटी अंदाजाच्या सुमारे 30 टक्के निघाली. 500 वस्तीच्या गावाची सुमारे 13 टक्के. म्हणजे शंभर वस्तीच्या गावाचा अंदाज 3,000 डॉलर आला, तर खरा आकडा 2,100 ते 3,900च्या दरम्यान असेल असे म्हणावे लागते, आणि तेही तिनातल्या दोन वेळांच्या भरवशावर. तरी सूत्रात जाणार 3,000च.

जनगणना ब्यूरोने आधी सोपा मार्ग धरला: 500च्या आतल्या गावांना त्यांच्या काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाचा, आकडा लावायचा. आकडा स्थिर झाला खरा, पण श्रीमंत काउंटीतले गरीब गाव कागदावर श्रीमंत झाले. माझ्या मते हा उपाय रोगापेक्षा वाईट होता, कारण नमुन्याची चूक निदान मोजता येत होती.

ब्यूरोतलेच रॉबर्ट फे आणि रॉजर हेरिएट यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मधला मार्ग मांडला. गावाचा स्वतःचा नमुना-अंदाज एका बाजूला. दुसऱ्या बाजूला काउंटीचे उत्पन्न, करविवरणपत्रांतील माहिती आणि घरांच्या किमती यांवरून समाश्रयणाने काढलेला अंदाज. दोन्हींची भारित सरासरी घ्यायची, आणि ज्याचे प्रचरण कमी त्याला भार जास्त. समजा, नमुन्याचे प्रचरण प्रतिमानाच्या प्रचरणाच्या तिप्पट आहे. मग गावाच्या स्वतःच्या आकड्याला भार पाव आणि प्रतिमानाला पाऊण. यामागे जेम्स आणि स्टाइन यांचा 1961चा सिद्धांत आहे. शिवाय एक कुंपण घातले: मिश्र अंदाज मूळ अंदाजापासून एका प्रमाण त्रुटीपेक्षा दूर जाऊ द्यायचा नाही. काही गावांत 1973 साली घेतलेल्या विशेष जनगणनेशी ताडून पाहिले, तेव्हा सरासरीने मिश्र अंदाज सर्वांत जवळ आणि काउंटीचा आकडा सर्वांत दूर निघाला.

मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचे राज्य व काउंटीनिहाय सरकारी अंदाज पुढे याच धर्तीवर निघू लागले. जनगणनेतला लांबलचक प्रश्नसंच गेला आणि 2005पासून दरवर्षीचे अमेरिकन कम्युनिटी सर्वेक्षण पूर्ण प्रमाणावर सुरू झाले. त्यात लहान गावांसाठी पाच वर्षांची उत्तरे एकत्र करतात, आणि प्रत्येक आकड्याशेजारी 90 टक्के पातळीची त्रुटीमर्यादा, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या 1.645 पट, छापतात. ती वाचायची कशी? कल्पित उदाहरण घेऊ. अ गावाचे मध्यक उत्पन्न 62,000 ± 9,000, ब गावाचे 52,000 ± 12,000. फरक 10,000, फरकाची त्रुटीमर्यादा मात्र दोन्ही मर्यादांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे 15,000. तेव्हा अ गाव अधिक सधन, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

मध्यकाच्या प्रमाण त्रुटीला सरासरीसारखे सरळ सूत्र नाही. म्हणून हे सर्वेक्षण तोच नमुना 80 वेगवेगळ्या भारसंचांनी पुन्हा पुन्हा तोलते आणि उत्तरे किती हलतात ते पाहते. या कल्पनेचे एक जुने भावंड आपल्याकडचे आहे. बंगालमधील ताग-सर्वेक्षणांत महालनोबिसांनी एकाच प्रदेशात स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांच्या उत्तरांतल्या फरकावरून अनिश्चितता मोजली होती.

1950 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने मात्र प्रामुख्याने उत्पन्नाऐवजी खर्च विचारला. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामी असते, घरचे धान्य घरातच खाल्ले जाते. काय खाल्ले, काय विकत घेतले हे त्याला अधिक नेमके सांगता येते. 2022-23च्या फेरीत 2,61,746 कुटुंबे होती. सातशेहून अधिक जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्यामागे सरासरी साडेतीनशेच्या आसपास. त्यात ग्रामीण-शहरी वेगळे करा, मग तालुका वेगळा करा. थोड्याच पायऱ्यांत तुम्ही त्या सहा घरांपाशी येऊन पोचता.