ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट : जनुकीय आधार

दात घडवणाऱ्या उपकलेचे काही अवशेष जबड्याच्या हाडात मागे राहतात. ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट ही त्यांतून उद्भवणारी, कर्करोग नसलेली गाठ. ती बहुधा खालच्या जबड्यात, अक्कलदाढेच्या मागच्या भागात होते. हाडाच्या आतून लांबट पसरत जाते, त्यामुळे गाल फारसा सुजत नाही आणि कित्येकदा भलत्याच तक्रारीसाठी काढलेल्या एक्स-रेत ती नजरेस पडते. आत पांढरट केराटिन साचलेले असते. अस्तर जेमतेम पाच ते आठ पेशींच्या थरांचे, तळच्या पेशी शिस्तीत रांगेने उभ्या. हे नाजूक अस्तर हाडापासून सोलून काढताना फाटते, तुकडे मागे राहतात आणि गाठ पुन्हा उद्भवते. फिलिपसेन यांनी १९५६ साली तिला हे नाव दिले. तिला सिस्ट म्हणावे की अर्बुद, हा वाद मात्र जनुकांमुळे पेटला.

गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात अशा अनेक गाठी आणि त्वचेचे बेसल सेल कर्करोग एकत्र आढळतात. त्याचे मूळ नवव्या गुणसूत्रावरील पीटीसीएच१ या जनुकात असल्याचे १९९६ मध्ये दिसले. या जनुकाचे प्रथिन एसएमओ या दुसऱ्या प्रथिनाला आवर घालते. तो आवर सुटला की हेजहॉग संदेशमार्ग सतत चालू राहतो आणि पेशी विभागत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या गाठीला अर्बुदांच्या यादीत बसवले, २०१७ मध्ये पुन्हा सिस्ट ठरवले. पीटीसीएच१मधील दोष सर्व रुग्णांत सापडत नाही, असा तिला अर्बुद म्हणण्यावर एक आक्षेप होता. पण सुरुवातीच्या तपासण्यांत अस्तराबरोबर भोवतालची संयोजी ऊतीही दळली जाई आणि तिच्यातील निरोगी डीएनएमुळे दोष झाकला जाई. नुसते अस्तर वेगळे करून पाहिल्यावर आनुवंशिक विकार नसलेल्या रुग्णांतही बहुसंख्य गाठींत तो आढळला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाठीला खिडकी पाडून आतला दाब उतरवला तर ती आकसते आणि अस्तर तोंडातील साध्या उपकलेसारखे होऊ शकते. खरे अर्बुद असे वागेल का? मात्र वागणे बदलले म्हणून उत्परिवर्तन खोटे ठरत नाही. तसेच उत्परिवर्तन सापडले म्हणून वागणेही ठरत नाही. अमेलोब्लास्टोमा या जबड्याच्या अर्बुदात २०१४ मध्ये उघडकीस आलेला बीआरएएफ जनुकातील बदल त्वचेवरच्या साध्या तिळांतही असतो. अॅडेनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमरमध्ये केआरएएस हे जनुक बदललेले असते, तरी ती गाठ काढल्यावर सहसा परतत नाही. म्हणून २०१७ चा निर्णय उपचारांच्या दृष्टीने रास्त वाटतो. अर्बुद म्हटले की जबड्याचा भाग कापण्याकडे कल वाढतो. त्या निर्णयामागचा जनुकीय युक्तिवाद मात्र लंगडा होता.

एसएमओला रोखणारे विस्मोडेगिब हे औषध बेसल सेल कर्करोगासाठी वापरले जाते. आनुवंशिक विकाराच्या काही रुग्णांत त्याने जबड्यातील गाठीही लहान झाल्या. स्नायूंत गोळे, चव जाणे, केस गळणे हे त्याचे त्रास. म्हणून एकट्यादुकट्या सिस्टला ते देणे पटणारे नाही. लहान वयात एकाहून अधिक केराटोसिस्ट दिसल्या तर त्या आनुवंशिक विकाराची खूण म्हणून तळहातांवरील बारीक खड्डे तपासतात आणि जनुकीय चाचणी करतात, कारण तो विकार असलेल्या मुलांना दिलेल्या किरणोपचाराच्या जागी पुढे त्वचेचे कर्करोग उद्भवू शकतात.