कठीण शब्दांचा कोश आणि वक्तृत्वशास्त्राशी झालेली फारकत

१६०४ साली लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्री या शालाशिक्षकाचा ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ हा छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुमारे २५०० शब्दांचा हा संग्रह इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश मानला जातो. मात्र कठीण शब्द शिकविण्यासाठी रचलेल्या या कोशाच्या प्रस्तावनेत कठीण, परकीय शब्दांचा सोस बाळगणाऱ्यांचाच निषेध केलेला आहे. हा निषेध बहुतांशी टॉमस विल्सनच्या ‘आर्ट ऑफ ऱ्हेटरिक’ (१५५३) या ग्रंथातून उचललेला आहे. त्याची वाङ्मयचौर्य म्हणून बोळवण करण्यापेक्षा त्यामागील विसंगती तपासणे अधिक उद्बोधक ठरेल.

सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या व्याकरणशाळांत शब्दसंपदा आणि अलंकार हे दोन वेगळे विषय नव्हते. इरॅस्मसने जॉन कॉलेटच्या सेंट पॉल्स शाळेसाठी लिहिलेल्या ‘दे कोपिया’ (१५१२) या ग्रंथात ‘तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला’ अशा अर्थाचे एक साधे लॅटिन वाक्य शंभराहून अधिक प्रकारांनी फिरवून दाखविले आहे. पर्यायशब्द, रूपक, लक्षणा, अतिशयोक्ती, नकारातून होकार अशा एकेका युक्तीबरोबर विद्यार्थ्याच्या हाती नवे शब्द येत. म्हणजे शब्द शिकला जाई तो त्याच्या वापराच्या प्रसंगासह. विपुलतेच्या या साधनेला औचित्यविचाराचा लगाम असे. क्षेमेंद्राचे स्मरण येथे साहजिक आहे. पण इंग्रज वक्तृत्वशास्त्रातील औचित्य काव्यापुरते मर्यादित नव्हते, ते दरबार, धर्मपीठ आणि न्यायालय येथील प्रतिष्ठेशी जखडलेले होते.

हीच साधना लॅटिनमधून देशी भाषेत उतरू लागली तेव्हा वाद पेटला. लॅटिनमधून ओढूनताणून आणलेल्या शब्दांना ‘दौतीतले शब्द’ असे हिणवले गेले. विल्सनने अशा शब्दांनी ठासून भरलेले एक विडंबनपत्र रचले. त्यातील ‘इन्जेन्ट’, ‘रिव्होल्यूटिंग’ हे शब्द मेले. पण ‘मन्डेन’, ‘सेलिब्रेट’, ‘डेक्स्टेरिटी’ हे आज कोणाही इंग्रजी वाचकाला खटकत नाहीत. जॉर्ज पटनमच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’मध्ये (१५८९) ‘ऑडेशस’ आणि ‘कंपॅटिबल’ त्याज्य ठरले, तर ‘मेथड’, ‘पेनिट्रेट’ यांना मुभा मिळाली. या निवाड्यामागे भाषिक तत्त्व शोधणे व्यर्थ आहे. तेथे दरबारी कान निर्णय देतो. अलंकारांच्या ग्रीक नावांना मात्र याच लेखकाने खास देशी नावे दिली. उपरोध हा त्याच्या लेखी ‘कोरडी थट्टा’ आणि अतिशयोक्ती ‘मोठ्याने खोटे बोलणारी’. (मराठीने अलंकारांची संस्कृत नावे जशीच्या तशी ठेवली, त्यामुळे या गमतीला आपण मुकलो.) ही नावे रुजली नाहीत.

कॉड्रीचा वाचक या शाळांच्या बाहेरचा होता. मुखपृष्ठावर त्याने ‘स्त्रिया आणि इतर अनभिज्ञ जन’ यांना उद्देशून ग्रंथ असल्याचे म्हटले आहे. धर्मग्रंथात वा प्रवचनात येणारे शब्द त्यांना कळावेत, इतकेच नव्हे तर ते त्यांना योग्य रीतीने वापरताही यावेत, असे त्याचे आश्वासन आहे. परंतु कोशात बहुधा शब्दापुढे एक-दोन सोपे प्रतिशब्द आहेत. योग्य रीत कोणती, हे सांगणारे वक्तृत्वशास्त्र तेथे नाही. त्याच कॉड्रीने १६०० साली दृष्टान्तांचे एक मोठे भांडार संकलित केले होते. दृष्टान्त एका ग्रंथात आणि शब्द दुसऱ्या ग्रंथात अशी ही वाटणी झाली. शब्दांचे दार उघडले गेले; ते वापरण्याचा अधिकार मात्र जुन्याच शाळेच्या ताब्यात राहिला. विल्सनची उसनी दटावणी कोशाच्या दाराशी उभी आहे ती या अर्थाने.

पुढील काळात ही दटावणी हास्याच्या रूपाने रंगभूमीवर आली. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ (१७७५) या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉपजवळ भारदस्त शब्दांची वाण नाही. ते फक्त एकमेकांच्या जागी येऊन बसतात. पहिल्या अंकात, मुलीला किती शिकवावे याविषयी ती आपले मत ऐकवते. ग्रीक, हिब्रू, बीजगणित या गोष्टी ती नाकारते. पण मुलींकडून शब्दांच्या लज्जास्पद चुका होऊ नयेत म्हणून शुद्धलेखन आवश्यक मानते आणि त्यासाठी शब्द योजते तो ‘ऑर्थोडॉक्सी’.