घरात पोपट आहे का?

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला होता, तेव्हाची गोष्ट. पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, कबुतरांचं कळलं गं, पण पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपासूनही आजार होतात का? लेक लव्हबर्ड्ससाठी हट्ट धरून बसलीय."

मी इतिहास शिकवलेली बाई, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि वाचत गेले. हाती आलं ते इथे मांडते.

या आजाराचं नाव सिटॅकोसिस. ग्रीक भाषेतल्या पोपटाच्या नावावरून ते आलं. आपण पोपटताप म्हणू. १८७९ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी याकोब रिटर नावाच्या डॉक्टरने आपल्या भावाच्याच घरात सात माणसं आजारी पडलेली पाहिली. तिघं दगावली. ताप टायफॉईडसारखा, छाती न्यूमोनियासारखी. घरात परदेशातून आणलेले पक्षी पिंजऱ्यात होते आणि रिटरचा संशय त्यांच्याकडे वळला. त्या काळी हे सुचणं ही मोठीच गोष्ट!

पुढे १८९२ मध्ये पॅरिसला दक्षिण अमेरिकेतून जहाजाने पोपट आले. वाटेतच कितीतरी मेले, आणि शहरात ४९ माणसं आजारी पडून १६ गेली. नोकार या शास्त्रज्ञाने मेलेल्या पोपटांच्या पंखांतून एक जंतू शोधला आणि तोच गुन्हेगार म्हणून जाहीर केला. गंमत अशी, की तो निघाला साल्मोनेला गटातला, म्हणजे वेगळाच. खरा चोर मोकळाच राहिला.

१९२९-३० च्या हिवाळ्यात ही साथ अमेरिका-युरोपात पसरली. ॲनापोलिस गावात नाताळची भेट म्हणून आणलेला पोपट मेला आणि घरातली तीन माणसं अंथरुणाला खिळली. सुदैवाने वाचली. पण वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत या पोपटांवर काम करणारा मदतनीस अँडरसन १९३० च्या फेब्रुवारीत मरण पावला. त्याचे वरिष्ठ डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँगही आजारी पडले, पण वाचले. शेवटी सगळी इमारत रिकामी करून धुरी द्यावी लागली. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी पोपटांची आयात बंद केली. त्याच वर्षी त्या प्रयोगशाळेचं नाव 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ' झालं.

खरा जंतू १९३० मध्येच सूक्ष्मदर्शकात दिसला होता, पण तो पेशीच्या आत शिरूनच वाढतो, म्हणून बरीच वर्षं लोक त्याला विषाणूच समजत. तो जिवाणू आहे हे १९६० च्या दशकात पक्कं झालं. औषध मात्र त्याआधीच आलं होतं. १९४८ साली जाहीर झालेलं ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं औषध. ते ज्या लेडर्ली कंपनीत सापडलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याआधी या रोगाने शंभरातले पंधरा-वीस जण जात.

या सगळ्यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. हा जंतू बाळगणारा पक्षी पुष्कळदा ठणठणीत दिसतो. त्याला पकडलं, दाटीवाटीने कोंबलं, उपाशी ठेवून लांब नेलं, की तो विष्ठेतून आणि नाकातोंडाच्या स्रावातून जंतू टाकू लागतो. विष्ठा वाळून तिची धूळ होते आणि ती आपल्या श्वासात जाते. म्हणजे दोष पाखराचा कमी आणि पिंजऱ्याचा जास्त.

हे वाचताना आजी आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असताना सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून आमच्याकडे राघू आला होता. विकणाऱ्याच्या एका पिंजऱ्यात वीस-पंचवीस तरी कोंबलेले होते. आजी ओठांत शेंगदाणा धरायची आणि राघू चोचीने अलगद घ्यायचा. आम्हा पोरांना केवढं कौतुक! पिंजरा ती रोज कोरड्या केरसुणीने झाडायची. महिन्याभरात तिला ताप चढला, कोरडा खोकला, डोकं फुटेल असं दुखायचं. टायफॉईड म्हणून औषध झालं, मग न्यूमोनिया म्हणून. आजी गेली.

राघूमुळे गेली, असं मी म्हणणार नाही. पुराव्याशिवाय विधान करायचं नाही, हे मीच मुलांना शिकवलं. पण "घरात पोपट आहे का?" हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही, एवढं खरं.

भाचीला मी सांगितलं, देशी पोपट पाळणं तर गुन्हाच आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. लव्हबर्ड्स परदेशी जातीचे म्हणून दुकानात मिळतात, पण जंतू त्यांच्यातही असू शकतो. आणलेच तर पिंजरा ओला करून पुसायचा, हात धुवायचे, तोंडाने भरवायचं नाही. आणि घरात कुणाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं, "आमच्याकडे पक्षी आहेत."

लेकीने आता गॅलरीत पाण्याचं भांडं ठेवलंय म्हणे. बुलबुल येतात आणि पाणी पिऊन उडून जातात. बरं झालं!