दमलेली आजी कागदपत्रांत कुठे सापडते?

"पूर्वी घरात आजी-आजोबा असायचे, त्यामुळे मुलं आपोआप मोठी व्हायची." हे वाक्य तुम्ही लग्नकार्यात, स्टाफरूममध्ये, पाळणाघराच्या फीचा विषय निघाल्यावर हमखास ऐकलं असेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वाक्यापाशी जरा थांबायला हवं. 'पूर्वी' म्हणजे नेमकं कधी? तेव्हा आजी किती वर्षांची होती? आजोबा जिवंत होते का? आणि 'आपोआप' म्हणजे कोणाच्या कष्टाने?

पीएचडीच्या मुलाखतीला जाताना किंवा संशोधन आराखडा लिहिताना तुम्हाला 'विषय' आणि 'प्रश्न' यांतला फरक विचारला जातो. 'आजी-आजोबा आणि नातवंडं' हा विषय झाला. प्रश्न कसा तयार होतो, तो आज याच उदाहरणावरून बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: साठीतले आजी-आजोबा दोन वर्षांच्या नातवंडामागे दिवसभर धावतात, दमतात आणि तरी त्यातच रमतात, हे आज आपल्याला 'परंपरा' वाटणारं चित्र बऱ्याच अंशी नवं आहे. जुन्या काळातली आजी वेगळी होती. आणि तिचा थकवा शोधायचा तर जी कागदपत्रं तिच्यासाठी लिहिलीच नव्हती, ती वाचावी लागतात.

आधी वयाचं गणित

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे मुलींची लग्नं साधारण तेरा-चौदाव्या वर्षी होत. १९२९ चा शारदा कायदा आला तेव्हा मुलीसाठी किमान वय ठरलं १४. आता एक कल्पित कुटुंब घ्या. आई सतराव्या वर्षी बाळंत झाली, तिची मुलगीही सतराव्या वर्षीच. म्हणजे आजी झाली चौतिसाव्या वर्षी! या आजीच्या मांडीवर नातू असताना तिचं स्वतःचं शेंडेफळही दोन-तीन वर्षांचं असू शकतं. मामा-भाचे बरोबरीने वाढल्याच्या गोष्टी जुन्या घरांत ऐकू येतात, त्या यामुळेच.

आता आजचं कुटुंब. आई सव्विसाव्या वर्षी, मुलगी एकतिसाव्या वर्षी. आजी सत्तावन्नची, आणि नातू पळायला लागेपर्यंत साठीला टेकलेली. तिचे गुडघे वेगळे, झोप वेगळी, बीपीची गोळी वेगळी. पण नातवाला हे थोडंच ठाऊक आहे? तो दिवाणावर चढणारच, चपला तोंडात घालणारच आणि दुपारी आजीचा डोळा लागला रे लागला की उठून बसणारच.

इथे एक सावधगिरी. १९५१ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. यावरून 'तेव्हा म्हातारी माणसं नव्हतीच' असा निष्कर्ष काढू नका. हा आकडा जन्माच्या वेळचा असतो आणि बालमृत्यूंमुळे तो खाली ओढला जातो. जे लहानपण पार करत, त्यांतले बरेच जण पन्नाशी-साठी बघत. पण चारही आजी-आजोबा हयात असणं ही मात्र दुर्मीळ गोष्ट होती. त्यातही नवरा-बायकोच्या वयात मोठं अंतर असे, त्यामुळे आजोबा बहुधा आधी जात. जुन्या घरातली आजी अनेकदा विधवा असे. घरात तिचं स्थान काय, तिच्या हातात काय आणि 'नाही' म्हणायची तिला किती सोय, हे सगळं त्यावर ठरे. विधवा आजीने नातवंडं सांभाळणं ही माया होती की घरात राहण्याची किंमत? बहुतेक वेळा दोन्ही. संशोधकाने यातलं एकच उत्तर निवडायची घाई करू नये.

संख्येचं गणितही बदललं. स्वातंत्र्याच्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे. म्हणजे तेव्हा एका आजीच्या वाट्याला डझनभर नातवंडं, आणि आज चार आजी-आजोबांच्या वाट्याला एखाद-दुसरं. तेव्हाचं रांगतं मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर असे. आज कडेवर घ्यायला ती बहीणच नाही, म्हणून आजी आहे.

ही 'मोठी बहीण' लक्षात ठेवा. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांना दिसलं, की मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात, म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. या प्रयोगाकडे शिक्षणाचा इतिहास म्हणून पाहिलं जातं. पण 'मूल कोण सांभाळत होतं?' या प्रश्नाचं ते एक उत्तरही आहे: आजीच्या जोडीला, आणि कधी तिच्याऐवजी, आठ-नऊ वर्षांची मुलगी.

आजोळ हा शब्दच एक साधन

मराठीत आईच्या माहेरच्या घराला स्वतंत्र शब्द आहे: आजोळ. मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. वडिलांच्या आई-वडिलांच्या घराला असा वेगळा शब्द नाही, कारण ते नुसतं 'घर'. एका शब्दातून तुम्हाला कळतं, की एक आजी रोजची होती आणि दुसरी सुट्टीची, बाळंतपणाची.

आता कुलवृत्तांत उघडा. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी ते छापले. पिढ्या, जन्म, मृत्यू, स्थलांतरं, नोकऱ्या असं फार मोलाचं साहित्य त्यांत आहे. पण वंशावळ पुरुषांकडून चालते. लग्न झालेली मुलगी तिथे थांबते आणि तिची मुलं दुसऱ्या घराण्याच्या पानावर जातात. म्हणजे कुलवृत्तांतात आजोळ दिसतच नाही. आईच्या आईचा आणि नातवंडांचा संबंध शोधायचा तर दोन घराण्यांचे वृत्तांत शेजारी ठेवावे लागतील, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदललं असेल तर तेही जुळवावं लागेल. कष्टाचं काम आहे, पण प्रबंध अशाच कामातून उभा राहतो.

असं काम इतरत्र झालेलं आहे. जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या क्रुमहॉर्न भागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चर्चच्या जन्म-मृत्यू नोंदी जोडून एकार्ट फोलांड आणि यान बाइझे यांनी तपासलं, की आजी हयात असण्याचा बाळाच्या जगण्याशी काही संबंध दिसतो का. आईची आई हयात असेल तर मुलं जगण्याची शक्यता वाढलेली दिसली. वडिलांच्या आईच्या बाबतीत तसं दिसलं नाही. उलट अगदी तान्ह्या बाळांचे मृत्यू जास्त आढळले. लगेच सासू-सुनेच्या मालिकेकडे धावू नका. हा एका प्रदेशाचा, एका काळाचा निष्कर्ष आहे. मुद्दा पद्धतीचा आहे: एकाही आजीची डायरी नसताना केवळ तारखांवरून इतका नाजूक प्रश्न विचारता आला.

मुंबईचा एक विचित्र आकडा

आता आपल्या जवळचं उदाहरण. १९२१ साली मुंबई शहराचा नोंदलेला बालमृत्यू दर हजारी साडेसहाशेच्या वर होता. म्हणजे तीन बाळांमागे जवळजवळ दोन मृत्यू! चाळींमधली गर्दी, घाण, कामगारांची गरिबी हे सगळं भयंकर होतंच. पण हा आकडा वाचताना छेदाकडे बघा. बालमृत्यू दर काढताना शहरात नोंदलेल्या मृत्यूंना शहरात नोंदलेल्या जन्मांनी भागतात. मुंबईचे बहुसंख्य रहिवासी बाहेरगावी जन्मलेले होते आणि कोकण-घाटावरच्या अनेक बायका बाळंतपणाला गावी जात. बाळाचा जन्म रत्नागिरीत किंवा साताऱ्यात, आणि काही महिन्यांनी आई कामावर परतल्यावर मृत्यू झाला तर तो मुंबईत.

समजा, १०० बाळं आहेत. ४० गावी जन्मली, ६० मुंबईत. पुढे शंभरही मुंबईत राहिली आणि त्यांतली २५ दगावली. खरा दर हजारी २५०. कागदावरचा दर? २५ भागिले ६०, म्हणजे हजारी जवळपास ४१७. (हे आकडे समजण्यापुरते आहेत.)

जी बाळंतीण गावी गेली, ती कोणाकडे गेली? बहुतेक करून आईकडे किंवा सासूकडे. म्हणजे ज्या आजीने शेक-शेगडी, न्हाऊ-माखू, बाळगुटी केली, ती नगरपालिकेच्या अहवालात कुठेच नाही. पण तिच्यामुळे अहवालाचा छेद लहान झालाय. आकड्यात ती न दिसताही आहे. हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून आपण अहवाल वेगळ्या नजरेने वाचायला लागतो.

आणि मुंबईला परतल्यावर? मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. कामगार बायकांच्या बहुतेक तान्ह्या बाळांना अफू दिली जात असल्याचं त्यांनी नोंदवलं. बाळागोळी देऊन मूल झोपवायचं आणि पाळीवर जायचं. इथे 'आजी नव्हती म्हणून अफू' असं सरळ समीकरण मांडायचा मोह होतो. तो टाळा. अफूची गोळी देण्याची रीत गावातही होती, आणि ती देणारा हात कधी आजीचाही असू शकतो. एवढं मात्र म्हणता येतं, की मूल जागं ठेवून सांभाळायला एक अख्खा माणूस लागतो, आणि खोलीत तो माणूस नसला की त्याची जागा काहीतरी घेतंच.

कायद्याने ही गरज हळूहळू मान्य केली. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. पण शेतावर, घरकामाला, रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला याचा काय उपयोग? तिच्यासाठी पाळणाघर म्हणजे म्हातारी सासू किंवा आईच राहिली.

आजोबा कधी आले?

आजोबा जुन्या काळातही होते, पण दुपारी अकरा वाजता मोकळे असलेले, नातवाला खांद्यावर घेऊन कावळे दाखवणारे आजोबा ही बरीचशी पेन्शनची देणगी आहे. शेतकरी किंवा कारागीर हातपाय चालतात तोवर काम करतो. अठ्ठावन्नला 'निवृत्त' होणं हे सरकारी आणि संघटित नोकरीमुळे आलं. त्यामुळे नातवंडांत रमलेल्या आजोबांचा इतिहास लिहायचा तर कुटुंबाच्या इतिहासासोबत नोकरीचा इतिहासही वाचावा लागेल.

परदेशातल्या मराठी घरांचंही तसंच. अमेरिकेत १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर शिकलेली मराठी मंडळी मोठ्या संख्येने गेली. पुढे लेकी-सुनांच्या बाळंतपणाला इथून आई जायला लागली, आणि पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिनेच राहता येत असल्याने आधी एक आजी, मग दुसरी, अशा पाळ्याही लागायला लागल्या. 'आजोळ' आता इमिग्रेशनच्या शिक्क्यात सापडतं.

थकवा का नोंदला जात नाही?

आपल्याकडे 'दुधापेक्षा साय प्यारी' म्हणतात. नातवंडाचं कौतुक ओव्यांत आहे, पाळण्यांत आहे, फोटो अल्बममध्ये आहे. दुखणारी कंबर कुठेच नाही. आत्मचरित्रांतली आजीसुद्धा बहुतेक वेळा लहान मुलाच्या नजरेतून दिसते: गोष्ट सांगणारी, खाऊ देणारी. ती रात्री किती वाजता पाठ टेकायची, हे नातवाला माहीतच नसतं.

आजची साधनंही फार पुढे गेलेली नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत विभागून माहिती घेतली. पण दोन वर्षांच्या मुलावर 'लक्ष ठेवणं' अर्ध्या तासात कसं बसवायचं? आजी भाजी निवडत असते, कान मात्र आतल्या खोलीत. विचारलं तर ती 'भाजी निवडत होते' एवढंच सांगेल.

हा नुसता पांडित्याचा वाद नाही. 'आजी-आजोबा आहेतच की' हे गृहीत धरल्यामुळे पाळणाघराची मागणी लाड वाटते, मूल पाळणाघरात ठेवणाऱ्या आईला दोष लागतो, आणि दमलेल्या आजीला 'दमले' म्हणायचीही चोरी होते. म्हटलं तर नातवंड नको झालं असा अर्थ निघतो. आनंद आणि दमणूक एकाच कुशीत असू शकतात, हे दाखवण्याचं काम इतिहास करू शकतो.

आता तुमचं काम

येत्या सुट्टीत कोणत्याही एका आजींशी किंवा आजोबांशी तासभर बोला. परवानगी घेऊनच रेकॉर्ड करा. 'नातवंडं सांभाळताना कसं वाटायचं?' असं विचारू नका; 'छान वाटायचं' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी हे विचारा:

- पहिलं नातवंड झालं तेव्हा तुमचं वय काय होतं? तुमचं सगळ्यात धाकटं मूल किती वर्षांचं होतं?
- तुम्हाला लहानपणी कोणी सांभाळलं? त्यांचं वय आणि नाव काय?
- नातवंड दोन वर्षांचं असतानाचा एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, क्रमाने सांगाल का?
- मूल झोपल्यावर तुम्ही काय करत होता?

शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण खरी नोंद तिथे मिळते. उत्तर देताना त्या हसतात, गप्प होतात, की आधी गुडघ्यावर हात ठेवतात, हेही वहीत तारखेसकट लिहून ठेवा. तुमच्या विषयाचं पहिलं साधन तुम्हीच तयार केलेलं असेल.