हनुक्का ठाऊक नसलेले ज्यू : नवगावच्या किनाऱ्यावरील एक जुना प्रश्न

अनसिंगपासून अलिबागपर्यंत महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात शनिवारी मारुतीला तेल वाहिले जाते. मात्र कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनारपट्टीवर तेल्यांचा एक समाज असा होता की नेमक्या शनिवारीच त्याचा घाणा बंद असे. शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा थांबवणारे ते ‘सोमवार तेली’; हे शंकराचे भक्त. शनिवार तेल्यांच्या विश्रांतीचे मूळ मात्र जेरुसलेमात होते. हा समाज म्हणजे बेने इस्रायल.

त्यांची परंपरा सांगते ती कथा अशी : गॅलिलीतून निघालेले एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावलाच मूठमाती मिळाली. ग्रंथ, अवजारे, सामान सारे समुद्राने गिळले. उरली ती ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना, शनिवार, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम.

हे केव्हा घडले? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी इ.स.पू. १७५ च्या सुमाराचा काळ सुचवला. त्यांचा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला होता, पण छापला गेला १९३७ साली, तोही तेल अवीवमध्ये. हा काळ त्यांनी का निवडला, हे समजण्यासाठी त्या वेळच्या यहुदी भूमीकडे पाहावे लागते.

इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने तो प्रदेश जिंकला. त्याच्या पश्चात तो प्रथम इजिप्तच्या टॉलेमी घराण्याकडे आणि इ.स.पू. २०० च्या सुमारास सीरियाच्या सेल्युकिडांकडे गेला. ग्रीक भाषा, ग्रीक नावे, ग्रीक व्यायामशाळा यांचे आकर्षण जेरुसलेमच्या प्रतिष्ठित घरांतही शिरले. संघर्ष केवळ परका राजा विरुद्ध प्रजा एवढाच नव्हता, तो घराघरांतही होता. इ.स.पू. १७५ मध्ये चौथा अँटिओकस गादीवर आला. इ.स.पू. १६७ मध्ये त्याने शब्बाथ पाळणे आणि सुंता करणे यांवर बंदी घातली आणि मंदिर भ्रष्ट केले. मोदीन गावचा पुरोहित मत्तथ्या व त्याचे पुत्र यांनी बंड पुकारले. त्यांतील यहुदा मॅकबी याने इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत घेऊन शुद्ध केले. त्या शुद्धीकरणाचा सण म्हणजे हनुक्का.

आणि येथेच केहीमकरांच्या तर्काची कळ आहे. कोकणातल्या बेने इस्रायलांना हनुक्का ठाऊकच नव्हता! पासोव्हरला ते ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणत, योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’. नवे वर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. हनुक्काला मराठी नावच नाही. तेव्हा पूर्वजांनी तो सण जन्मण्यापूर्वीच देश सोडला असावा, असे हे अनुमान.

अनुमान देखणे आहे, पण भक्कम नाही. अँटिओकसच्या बंदीमुळे ते पळाले म्हणावे, तर इ.स.पू. १७५ हे साल अलीकडे आणावे लागते, कारण बंदी आली आठ वर्षांनी. मग बंदी आणि हनुक्का यांच्यामध्ये जेमतेम तीन वर्षांची फट उरते. शिवाय ज्या समाजाची हिब्रू भाषाही लोपली होती, तो एक सणही विसरू शकतो. ‘ठाऊक नाही’ याचा अर्थ ‘कधीच ठाऊक नव्हते’ असा होत नाही.

समुद्रमार्गाचाही विचार हवा. इजिप्तहून मोसमी वाऱ्यांवर थेट भारतात येण्याची ग्रीकांची पहिली नोंदलेली सफर इ.स.पू. ११८ च्या सुमाराची, युडोक्सस याची. अरब खलाशांना ते वारे आधीपासून परिचित होते, त्यामुळे पूर्वीचे जहाज अशक्य ठरत नाही. पण खरी वर्दळ त्यानंतरची. इ.स.पू. ६३ मध्ये पाँपे जेरुसलेमात शिरला आणि रोमची सत्ता आली, इ.स. ७० मध्ये टायटसने मंदिर जाळले. त्याच पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात सेमिल्ला, म्हणजे नवगावहून फार दूर नसलेले चौल, बंदर म्हणून येते. त्यामुळे काही जण हे आगमन रोमन काळात, तर काही त्याहूनही बरेच नंतर मानतात.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे मध्ययुगातले ठरते. जहाज कधी फुटले, हे त्यावरून कळत नाही. मिश्रण कधी झाले एवढेच कळते.

सात जोडप्यांच्या कथेला कोकणातच एक भावंड आहे. परशुरामाने समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना जिवंत केले, अशी चित्पावनांची उत्पत्तिकथा आहे. दोन्हीकडे तोच किनारा, तोच चौदाचा आकडा. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद जुना आहे. कदाचित समुद्राकाठी राहणाऱ्यांना आपला आरंभ लाटांतूनच सुचत असावा.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहिला नाही. इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या वंशशुद्धीविषयी शंका काढली. इतकी शतके विवाह आणि घटस्फोटाचे ज्यू नियम त्यांना ठाऊक होते काय, असा आक्षेप होता. ज्या एकाकीपणामुळे हनुक्का त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, तोच आता त्यांच्या विरुद्ध पुरावा ठरू लागला. समाजाने निदर्शने केली, उपोषणे केली. अखेर १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला आपले निर्देश मागे घ्यावे लागले.