घसा बरा झाला, पण...

लंडनचे वैद्य टॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये मुलांच्या एका आजाराचे वर्णन लिहून ठेवले. पाणी प्यायला पेला उचलला, की मुलाचा हात भलतीकडेच जातो. डोंबाऱ्यासारखे नाना हातवारे झाल्यावर कसाबसा पेला ओठाला लागतो. त्यांनी रक्त काढले, जुलाब दिले. कारण मात्र हाती लागले नाही, आणि त्यात नवल नाही. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा दुखतो, बरा होतो. हातपाय उडू लागतात ते कधी कधी काही महिन्यांनी. तोवर घशाची आठवण कोणाला राहणार?

एकोणिसाव्या शतकात सांधे धरणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाशी या आजाराचे नाते दिसले. (तो ताप आपल्याकडून अजून गेलेला नाही.) १९७६ मध्ये अशा मुलांच्या रक्तात मेंदूच्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे आढळली. जंतूंवर धाडलेली फौज घरच्यांवरच उलटली होती.

मग १९९८ मध्ये अमेरिकेत सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी ५० मुलांची हकिगत मांडली. या मुलांच्या मनात एकाएकी नको ते विचार घोळू लागत, त्यांना मंत्रचळ लागे, मान किंवा डोळे उडू लागत; मागे घशाचा तोच जंतू. नाव दिले ‘पँडास’. वाद लगेच पेटला. शाळकरी मुलांचे घसे नेहमीच धरतात, मग हा योगायोग कशावरून नाही? शंका रास्त होती. पण रात्रीत बदललेल्या मुलाच्या आईला ‘खोड्या करतो’ हे उत्तर कसे पुरावे?

२०१२ मध्ये स्वीडो यांनीच सहकाऱ्यांसह ‘पॅन्स’ ही व्यापक संज्ञा सुचवली. तिच्यात जंतूची अट नाही, अकस्मात सुरुवातीची आहे.